इटलीतील गिरिग्रामे व ग्रामीण सुटी

इटलीतील गिरिग्रामे व ग्रामीण सुटी : डोंगरमाथ्यांवर वसलेली इटलीतील तटबंदीयुक्त ऐतिहासिक गावे आणि त्यांच्या परिसरातील शेतघरांत वा गावांतीलच जुन्या घरांत काही दिवस राहून सुटी घालविण्याची प्रथा. अशा गावास इटालियन भाषेत ‘बोर्गो’ म्हणतात. इटलीच्या भूमीपैकी सु. ४२ टक्के भाग टेकड्यांनी व सु. ३५ टक्के पर्वतांनी व्यापलेला असून मैदानी प्रदेश जेमतेम २३ टक्के आहे. त्यामुळे गिरिग्रामे देशात सर्वत्र आढळतात. तथापि सुटीसाठी प्रसिद्धी पावलेली बहुतेक गावे टस्कनी, अंब्रिया, मार्के व लात्सिओचा उत्तर भाग या मध्य इटलीतील प्रदेशांत असल्याने प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे त्यांचाच विचार केला आहे. यांतील एकही प्राचीन गाव सुटीसाठी वसविलेले नाही. टेकडीच्या माथ्यावर राहण्याची जी कारणे होती, ती विसाव्या शतकापर्यंत एकामागून एक नाहीशी झाली. गावे रिती होऊ लागली आणि त्या रित्या घरांत पाहुणे आले. हा क्रम ध्यानात घेतल्याखेरीज आजच्या प्रवाशाला दिसणाऱ्या दृश्याचा अर्थ लागत नाही.

उत्पत्ती : टेकडीवर वस्ती करण्याची परंपरा रोमपूर्व काळातील आहे. वॉल्तेर्रा, कोर्तोना, पेरूजा, ऑर्व्हिएतो ही मूळची एट्रुस्कन नगरे असून त्यांच्या तटांतील प्रचंड शिळा काही ठिकाणी अद्याप जागच्या जागी आहेत. रोमनांना अशी दुर्गम नगरे गैरसोयीची वाटत. आजच्या ऑर्व्हिएतोच्या जागी असलेले नगर त्यांनी इ. स. पू. २६४ मध्ये उद्ध्वस्त केले आणि तेथील रहिवाशांना बोल्सेना सरोवराच्या काठी नेऊन वसविले. पुढे रोमन शांततेच्या काळात मैदाने व राजमार्ग यांना महत्त्व आले. साम्राज्याचा ऱ्हास झाल्यावर मात्र लोक पुन्हा उंचावर चढले. विशेषतः दहाव्या ते बाराव्या शतकांत सरंजामदार, बिशप व मठ यांनी विखुरलेल्या शेतकऱ्यांना तटबंदीच्या आत एकत्र आणून वसविले. इतिहासकार या प्रक्रियेला ‘इंकास्तेल्लामेंतो’ (दुर्गीकरण) म्हणतात. आज दिसणाऱ्या बहुसंख्य गावांचा आराखडा याच काळातील आहे.

शत्रूपासून संरक्षण हे यामागील सर्वपरिचित कारण. पण ते एकमेव नव्हे. सपाट जमीन थोडी असल्याने ती पिकासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे होते. दुसरे कारण हिवतापाचे होते. ‘मलेरिया’ हा शब्दच मुळी ‘दूषित हवा’ या अर्थाच्या इटालियन शब्दांपासून झालेला आहे. टस्कनीच्या किनाऱ्यालगतचा मारेम्मा हा दलदलीचा प्रदेश उन्हाळ्यात इतका घातक समजला जाई, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत ग्रोस्सेतो येथील सरकारी कचेऱ्या उन्हाळ्याचे काही महिने स्कान्सानो या डोंगरावरील गावी हलविल्या जात. हवेपेक्षा डास कारणीभूत आहे, हे रॉनल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरातील हिवतापाचे परजीवी शोधून दाखविल्यावर आणि पुढील वर्षी जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी यांनी ॲनॉफेलीस डासाचा माणसाच्या हिवतापाशी असलेला संबंध सिद्ध केल्यावर स्पष्ट झाले. दलदली बुजविणे व दुसऱ्या महायुद्धानंतरची डीडीटीची फवारणी यांमुळे इटली हिवतापमुक्त झाली; १९७० साली जागतिक आरोग्य संघटनेने तसे जाहीर केले. माथ्यावर राहण्याचे एक जुने कारण याप्रमाणे संपले.

माथ्यावरील वस्तीची मोठी अडचण पाण्याची. चौकाखाली खोदलेली टाकी व छपरांवरून वळविलेले पावसाचे पाणी यांवर अनेक गावे शतकानुशतके जगली. ऑर्व्हिएतो येथे १५२७ मध्ये रोमच्या लुटीनंतर आश्रयास आलेल्या सातव्या क्लेमेंट पोपने वेढा पडल्यास पाणी कमी पडू नये म्हणून विहीर खोदविण्यास आरंभ केला. वास्तुशिल्पज्ञ धाकटा आंतोनियो दा सांगाल्लो याने आखलेली ही सु. ५३ मी. खोल विहीर १५३७ मध्ये पूर्ण झाली. तिच्यात प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे दोन सर्पिल जिने एकमेकांना न छेदता उतरतात. त्यामुळे पाणी आणण्यास खाली जाणारी खेचरे व भरून वर येणारी खेचरे यांची वाटेत गाठ पडत नसे. सुटीत आलेला प्रवासी या जिन्यावरून उतरतो तेव्हा थंडावा व नवल यांपलीकडे त्याला फारसे काही जाणवत नाही; गावकऱ्यांच्या दृष्टीने तो जीवनमरणाचा प्रश्न होता.

रचना : गावात एक वा अधिक वेशींतून प्रवेश होतो. गल्ल्या अरुंद असून त्या डोंगराच्या उंचीरेषांना धरून वळतात. त्यांना आडव्या छेदणाऱ्या वाटा बहुधा पायऱ्यांच्या असतात. सर्वांत सपाट जागी चौक, त्यावर चर्च, नगरसभेची इमारत, एखादी कमानींची ओसरी व टाके वा विहीर असते. घरे स्थानिक दगडाची असल्याने गाव खालच्या खडकातूनच उगवल्यासारखे दिसते. ऑर्व्हिएतोचा टफ (ज्वालामुखी राखेचा खडक) पिवळसर तपकिरी, तर आसीसीचा चुनखडक फिकट गुलाबी आहे. फ्लॉरेन्सशी वैर असलेल्या सिएनाने १२१३–१९ मध्ये उभारलेले मोंतेरिज्जोनी हे गाव तर केवळ सीमेवरील लष्करी ठाणे होते. त्याचा सु. ५७० मी. परिघाचा वर्तुळाकार तट व त्यावरील बुरूज दान्तेला इतके भव्य वाटले, की ‘इन्फेर्नो’त नरकाच्या तळाशी उभ्या असलेल्या राक्षसांना त्याने त्यांची उपमा दिली.

सान जिमिन्यानो हे यात्रामार्गावरील गाव. कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक याने सु. ९९० मध्ये रोमहून परतताना आपल्या मुक्कामांची जी यादी केली, तीत या गावाचे नाव आढळते. यात्रेकरूंची वर्दळ व केशराचा व्यापार यांवर गबर झालेल्या येथील घराण्यांनी एकमेकांवर कुरघोडी करण्यासाठी उंच मनोरे बांधले. त्यांची संख्या एके काळी ७२ होती असे सांगतात. त्यांपैकी १४ आज उभे आहेत. १३४८ च्या प्लेगने गावाची लोकसंख्या निम्म्यावर आणली, १३५३ मध्ये ते फ्लॉरेन्सच्या अंकित झाले, यात्रामार्गही दुसरीकडे वळला. मनोरे पाडून नवे वाडे बांधण्याइतका पैसा पुढे गावात कधी आलाच नाही. येथील मध्ययुग जपले ते अभिमानाने नव्हे, तर दारिद्र्याने; आणि ही गोष्ट सान जिमिन्यानोपुरती मर्यादित नाही. १९९० साली यूनेस्कोने या गावाचा समावेश जागतिक वारशात केला.

प्येंत्साचे उदाहरण याहून वेगळे आहे. कोर्सिन्यानो नावाच्या खेड्यात जन्मलेला एनेआ सिल्व्ह्यो पिक्कोलोमिनी हा १४५८ मध्ये दुसरा पायस म्हणून पोप झाला आणि आपल्या जन्मगावाचे त्याने आदर्श नगरात रूपांतर करविले. बेर्नार्दो रोस्सेल्लीनो याने १४५९–६२ या काळात चौक, कॅथीड्रल व पोपचा प्रासाद उभारला. प्रासादाच्या दक्षिण बाजूस एकावर एक तीन सज्जे असून ते बागेकडे आणि तीपलीकडील ओर्चा खोरे व १,७३८ मी. उंचीचा आम्याता पर्वत यांकडे उघडतात. खाली पसरलेला मुलूख शत्रूच्या टेहळणीसाठी न्याहाळण्याऐवजी निव्वळ आनंदासाठी पाहावा, या हेतूने उभारलेली अशी वास्तू प्रबोधनकाळातील आद्य वास्तूंत मोडते. दृश्य साधण्याच्या या हौसेपायी कॅथीड्रलचा मागचा भाग उताराच्या कच्च्या जमिनीवर आला व तो खचू लागला; त्याच्या भिंतींतील तडे आजही दिसतात.

धन्याचे गाव, कुळाचे घर : टस्कनी व अंब्रियातील ग्रामव्यवस्था ‘मेद्झाद्रीआ’ म्हणजे अर्धेलीच्या पद्धतीवर उभी होती. तटाच्या आत राहणारा जमीनमालक आपली जमीन लहान लहान वहिवाटींत विभागून प्रत्येकीवर एक घर बांधी आणि तेथे एका कुळाचे कुटुंब ठेवी. उत्पन्नाचा अर्धा वाटा मालकाचा असे. मोठे एकत्र कुटुंब असल्याखेरीज अशी वहिवाट कसणे शक्य नसे. लग्नासाठीदेखील पुष्कळदा मालकाची संमती लागे. तळमजल्यावर बैलांचा गोठा, वर माणसांची राहण्याची जागा, बाहेरून जाणारा दगडी जिना व छपरावर पारव्यांचा खुराडावजा मनोरा अशी या घरांची ठराविक रचना होती. सिएनाच्या नगरसभागृहात आंब्रोज्यो लोरेन्झेत्ती याने १३३८–३९ मध्ये काढलेल्या भित्तिचित्रांत सुशासनाखालील नगर व त्याच्या वेशीबाहेरील शेतशिवार शेजारी शेजारी दाखविले आहे. वेशीतून बाहेर पडणारे धनिक घोड्यांवर आहेत व आत येणारे शेतकरी ओझी वाहत आहेत. आजचा सुटीतला पाहुणा कुळाच्या घरात राहतो व तेथून धन्याच्या गावाकडे पाहतो. एकाच दृश्याची ही दोन अंगे एकमेकांशी कशी बांधलेली होती, हे प्रवासी मार्गदर्शिकांतून क्वचितच सांगितले जाते.

दक्षिण इटलीत असे नव्हते. तेथे शेतमजूर स्वतःच डोंगरावरील गावात दाटीवाटीने राहत व पहाटे उठून कोसभर दूरच्या शेतावर जात. बाझिलिकातामधील आल्यानो या गावी १९३५–३६ मध्ये फॅसिस्ट सरकारने हद्दपार करून ठेवलेल्या कार्लो लेव्ही यांनी तेथील दैन्याचे चित्र १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रेखाटले. त्याच प्रदेशातील क्राको हे गाव १९६३ मधील भूस्खलनानंतर सोडून देण्यात आले व आज ते निर्मनुष्य आहे.

सुटीची पूर्वपरंपरा : नगरातील कामकाज सोडून गावाकडे विसाव्यास जाण्याची कल्पना इटलीत दोन हजार वर्षांची जुनी आहे. धाकटा प्लिनी याने वरच्या टायबर खोऱ्यातील आपल्या ग्रामगृहाचे वर्णन एका विस्तृत पत्रात केले आहे. किनाऱ्यावरील हवा रोगट असली, तरी आपले घर ॲपेनाइन्सच्या पायथ्याशी असल्याने तेथील हवा निरोगी आहे, अशी ग्वाही तो मित्राला देतो आणि टेकडीवरून दिसणारे खोरे एखाद्या चित्रासारखे वाटते असे म्हणतो. प्रबोधनकाळापासून सधन कुटुंबे उन्हाळा व द्राक्षतोडणीचा हंगाम आपल्या शेतवाड्यांत घालवीत; या प्रथेस ‘व्हिल्लेज्यातूरा’ हे नाव आहे. पुढे ती इतकी प्रतिष्ठेची झाली, की ऐपत नसलेलेही कर्ज काढून गावी जाऊ लागले. कार्लो गोल्दोनीने १७६१ मध्ये याच वेडावर तीन सुखात्मिका लिहिल्या.

अठराव्या शतकातील यूरोपीय प्रवाशांचे लक्ष मात्र रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस यांवरच असे. डोंगरमाथ्यावरची गावे त्यांना घोडागाडीच्या खिडकीतून दिसत एवढेच. लोहमार्ग आल्यावरही तो खालून खोऱ्यातून गेला व स्थानक गावापासून दूर पडले. ऑर्व्हिएतोने १८८८ मध्ये पाण्याच्या भाराने चालणारी रज्जुकर्षित गाडी बांधून हा चढ सोपा केला. सान जिमिन्यानोवर बेतलेले एक काल्पनिक गाव ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९०५ मधील पहिल्या कादंबरीत येते. इंग्रज वाचकांना या प्रदेशाची ओढ लावण्यात अशा साहित्याचा वाटा आहे. तरीही दुसऱ्या महायुद्धापर्यंत अशा गावांतील पाहुणा हा अपवादच होता.

१९४४ च्या उन्हाळ्यात युद्धाची आघाडी याच टेकड्यांवरून उत्तरेकडे सरकली. सैन्यांना प्रत्येक माथा लढून घ्यावा लागला. वरच्या टायबर खोऱ्यात, म्हणजे प्लिनीच्या ग्रामगृहाच्याच टापूत, १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी आपल्या तुकडीतील इतर सर्व जवान ठार वा जखमी झाले असता एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर चाल करून ते जिंकले व लगेच झालेल्या गोळीबारात त्यांना वीरमरण आले. ते तेव्हा २२ वर्षांचे होते. मूळचे तत्कालीन कुलाबा (आता रायगड) जिल्ह्यातील असलेल्या घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. त्या खोऱ्यातील मोंतोने हे फॉर्तेब्राच्चो या सेनानी घराण्याचे चिमुकले गिरिग्राम. तेथे २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघटिका उभारण्यात आली आहे. अंब्रियात सुटीसाठी जाणाऱ्या मराठी प्रवाशाने वाट थोडी वाकडी करून पाहावे असे हे स्थळ होय.

गावे रिती झाली : युद्धोत्तर वीस वर्षांत मध्य इटलीतील ग्रामजीवन झपाट्याने बदलले. मिलान, तूरीन येथील कारखाने व रोममधील बांधकामे यांनी तरुणांना ओढून घेतले. फेब्रुवारी १९५६ मधील कडाक्याच्या हिमतुषाराने ऑलिव्हची असंख्य झाडे जळाली आणि तळ्यात-मळ्यात असलेल्या अनेक कुटुंबांनी शेती सोडली. १५ सप्टेंबर १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास बंदी घातली. उरलेल्या करारांचे रूपांतर खंडात करण्याची तरतूद १९८२ मध्ये झाली. त्याच १९६४ सालच्या ऑक्टोबरात मिलान ते नेपल्स हा द्रुतमार्ग पूर्ण झाला. तो आरेत्सो, क्यूसी, ऑर्व्हिएतो यांच्या पायथ्यावरून जातो. ज्या सुमारास कुळे घरे सोडून निघाली, त्याच सुमारास शहरवासीयांना त्या घरांपर्यंत काही तासांत पोहोचण्याची सोय झाली. छप्पर कोसळलेली शेतघरे रोम व मिलानच्या रहिवाशांनी आणि त्यांच्यापाठोपाठ इंग्रज, जर्मन, डच लोकांनी अल्प किमतीत विकत घेतली. गोठ्याची बैठकीची खोली झाली व उकिरड्याच्या जागी पोहण्याचा तलाव आला.

गाव सोडून गेलेले लोकही दर उन्हाळ्यात परततात. १५ ऑगस्टचा ‘फेर्रागोस्तो’ हा सण ऑगस्टस बादशहाच्या काळातील सुटीचा वारसा सांगतो. मेरीच्या स्वर्गारोहणाचा उत्सवही त्याच दिवशी असतो. त्या पंधरवड्यात हिवाळ्यात ओस पडलेल्या गावाची लोकसंख्या कित्येक पटींनी वाढते. आजोळी आलेली मुले, चौकात मांडलेली लांब मेजे, एखाद्या स्थानिक पदार्थाच्या नावाने भरणारी ‘साग्रा’ नावाची जत्रा हे या दिवसांचे विशेष होत.

आग्रितुरिझ्मो : शेतकऱ्याने आपल्या शेतावर पाहुणे ठेवून उत्पन्नास जोड द्यावी, हा विचार १९६५ साली स्थापन झालेल्या ‘आग्रितुरिस्त’ या संघटनेने पुढे आणला. त्यास कायद्याची चौकट ५ डिसेंबर १९८५ च्या राष्ट्रीय कायद्याने मिळाली. २००६ च्या कायद्याने तिची जागा घेतली. तपशीलवार नियम करण्याचा अधिकार प्रादेशिक शासनांना आहे. या कायद्यांचे मर्म एकाच अटीत आहे : शेती हा मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे आणि पाहुणचार हा त्यास पूरक. पाहुण्यांना वाढावयाच्या अन्नात स्वतःच्या शेतातील व परिसरातील मालाला प्राधान्य द्यावे लागते. निवासासाठी शेतावरील अस्तित्वात असलेल्या इमारती वापराव्यात, असा कायद्याचा रोख आहे. अट कागदावर जितकी नेमकी, तितकी व्यवहारात नसते. शेती नावापुरती व तलाव मात्र भला मोठा, अशी उदाहरणे विरळ नाहीत. तरी या कायद्यामुळे अनेक कुटुंबे जमिनीवर टिकून राहिली, हे नाकारता येत नाही. २०२० नंतरच्या अधिकृत गणनांनुसार देशात अशी २५ हजारांहून अधिक केंद्रे असून टस्कनी व उत्तरेकडील बोल्झानो प्रांत यांत ती सर्वाधिक आहेत.

अशा सुटीचा रिवाज साधारणतः आठवडाभर एकाच घरी राहण्याचा आहे. एप्रिल ते जून आणि सप्टेंबर–ऑक्टोबर हे महिने सुखावह. ऑगस्ट उष्ण व गर्दीचा. सप्टेंबरात द्राक्षतोडणी, तर ऑक्टोबर–नोव्हेंबरात ऑलिव्हची तोडणी चालते व ताज्या, किंचित तिखट तेलाची चव घाण्यावरच घेता येते. भोजनात टस्कनी व अंब्रियाची बिनमिठाची पोळीवजा जाड पावरोटी, मेंढीच्या दुधाचे ‘पेकोरीनो’ चीज, हाताने वळलेल्या जाड शेवया (‘पीची’), कडधान्यांचे कढण व डुकराच्या मांसाचे विविध प्रकार येतात. शाकाहारी प्रवाशाची या प्रदेशात सहसा आबाळ होत नाही. मात्र दुपारी एकपासून तीन-चार तास दुकाने व पुष्कळदा चर्चही बंद असते, बस दिवसातून मोजक्याच वेळा येते आणि बहुतेक गावांच्या आत परक्या वाहनास मज्जाव असतो. वेशीबाहेर वाहन ठेवून चढ चढावा लागतो. संध्याकाळी सारे गाव चौकात फेऱ्या मारावयास बाहेर पडते, त्या वेळी ते खऱ्या अर्थाने दिसते. दिवसभराच्या सहलीसाठी आलेल्या बसगाड्या तोवर परतलेल्या असतात. एका दिवसात चार गावे पाहणाऱ्यास ही वेळ कधीच सापडत नाही.

भूदृश्याविषयी एक गैरसमज रूढ आहे. ओर्चा खोऱ्यातील सायप्रस वृक्षांच्या रांगा व पिवळी मऊ वळणे पाहून हे दृश्य प्रबोधनकाळापासून जसेच्या तसे असावे असे वाटते. प्रत्यक्षात येथील मातीच्या ओसाड उघड्या टेकाडांपैकी पुष्कळशी विसाव्या शतकात यंत्रांनी सपाट करून गव्हाखाली आणली गेली. असंख्य छायाचित्रांत झळकणारी सायप्रसांची नागमोडी वाट लेखिका आयरिस ओरीगो व त्यांचे पती यांच्या ला फोचे या शेतवाडीवरील सुधारणांच्या काळातील, म्हणजे विसाव्या शतकातील आहे. शेताच्या बांधावर द्राक्षवेल, ऑलिव्ह व मधल्या पट्ट्यात धान्य ही अर्धेलीच्या काळातील मिश्र शेती जवळजवळ नाहीशी झाली असून एकसुरी द्राक्षमळ्यांनी तिची जागा घेतली आहे. यूनेस्कोने २००४ मध्ये या खोऱ्यास जागतिक वारशाचा दर्जा दिला.

जतन व पेच : इटलीच्या १९४८ च्या संविधानातील नवव्या अनुच्छेदाने भूदृश्य व ऐतिहासिक वारसा यांचे रक्षण हे प्रजासत्ताकाचे कर्तव्य मानले. १९६० साली गुब्बिओ या गिरिनगरात भरलेल्या परिषदेने केवळ प्रासाद व चर्च यांचे नव्हे, तर सामान्य घरांसह संपूर्ण जुन्या वस्तीचे जतन व्हावे आणि डागडुजीनंतर मूळ रहिवाशांना तेथेच राहता यावे, असा जाहीरनामा प्रसृत केला. यातील पहिली मागणी बव्हंशी फलद्रूप झाली. दुसरीच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. दगड राखण्याचे तंत्र इटलीला उत्तम साधले आहे, माणसे राखण्याचे तेवढे नाही.

चीव्हीता दी बान्योरेज्यो हे याचे टोकाचे उदाहरण होय. मातीच्या थरावर बसलेल्या टफ खडकाच्या माथ्यावरील हे गाव खालची माती झिजत गेल्याने कडेकडेने ढासळत आहे. १६९५ च्या भूकंपानंतर त्याची अधोगती झाली व लोक शेजारच्या बान्योरेज्योस गेले. १९६५ मध्ये बांधलेला सु. ३०० मी. लांबीचा पादचारी पूल हाच त्याचा जगाशी दुवा. कायमचे रहिवासी जेमतेम दहा-पंधरा आणि प्रवासी वर्षाकाठी लाखोंनी, अशी तेथील स्थिती झाल्यावर २०१३ पासून पुलावर प्रवेशशुल्क घेण्यात येऊ लागले. या उत्पन्नाने नगरपालिकेची स्थिती सुधारली व आसपास रोजगार निर्माण झाला, हे खरे. पण संध्याकाळी दिवे लागणाऱ्या खिडक्या बहुतांशी पाहुण्यांच्या असतात.

रिती घरे वापरात आणण्याचे इतर प्रयत्नही उल्लेखनीय आहेत. १९७६ च्या भूकंपानंतर फ्रिऊलीत दुरुस्त झालेल्या घरांतून ‘विखुरलेले हॉटेल’ (‘आल्बेर्गो दिफ्फूझो’) ही कल्पना निघाली. तीत स्वागतकक्ष एका घरात, खोल्या गावभर पसरलेल्या आणि न्याहारी चौकातील खाणावळीत अशी व्यवस्था असते. सिसिलीतील साम्बूकासारख्या गावांनी २०१९ मध्ये पडकी घरे एक यूरो या आरंभिक बोलीने लिलावास काढली. ठराविक मुदतीत दुरुस्ती करण्याची अट खरेदीदारावर असते व खरा खर्च त्या दुरुस्तीचाच असतो. १९९९ मध्ये ग्रेव्हे, ऑर्व्हिएतो, ब्रा व पोझितानो या चार नगरांनी सावकाश जीवनक्रमाचा पुरस्कार करणारी ‘चित्तास्लो’ ही संघटना स्थापिली. ५० हजारांपेक्षा कमी वस्तीची नगरे तिची सभासद होऊ शकतात. २०१७ च्या कायद्याने पाच हजारांपर्यंत वस्तीच्या नगरपालिकांना साहाय्य देण्याचे ठरविले, देशातील सु. ७,९०० नगरपालिकांपैकी सु. ५,५०० या वर्गात मोडतात. शाळा, टपालकचेरी व दवाखाना टिकला तरच कुटुंब टिकते, हे त्यामागील सूत्र आहे. सुटीच्या हंगामाने यांपैकी खाणावळ टिकते; शाळा टिकेलच असे नाही.

भूकंप हा या प्रदेशाचा कायमचा धोका. जुन्या भिंतींवर बाहेरून दिसणारे लोखंडी पट्टे वा नांगर आतील दांड्यांची टोके असून समोरासमोरच्या भिंती त्यांनी एकत्र बांधलेल्या असतात. लाकडी छपराच्या जागी सिमेंट-काँक्रीटचे जड छत घालण्याची विसाव्या शतकातील पद्धत दुबळ्या दगडी भिंतींना घातक ठरते, हे १९९७ च्या अंब्रियातील व नंतरच्या भूकंपांनी दाखविले. २४ ऑगस्ट २०१६ रोजी पहाटे आमात्रीचे व आसपासची गिरिग्रामे कोसळून सु. ३०० माणसे मृत्यू पावली. सुटीचा हंगाम भरात होता व त्याच आठवड्याच्या अखेरीस गावाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या पदार्थाची पन्नासावी ‘साग्रा’ व्हावयाची होती. मृतांत रोमहून सुटीसाठी व आजी-आजोबांकडे आलेले लोक मोठ्या संख्येने होते. हिवाळ्यात हीच आपत्ती ओढवती, तर अनेक घरे रिकामी असती. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरच्या ६·५ महत्तेच्या भूकंपात नॉर्चा येथील संत बेनेडिक्टचे चर्च दर्शनी भिंत वगळता जमीनदोस्त झाले. तोवर रहिवाशांना इतरत्र हलविले असल्याने तेथे जीवितहानी टळली.

प्येंत्साजवळील मोंतीक्येल्लो या तटबंदीच्या लहान गावाने या प्रश्नास दिलेले उत्तर आगळे आहे. अर्धेली मोडली व तरुण निघून जाऊ लागले, तेव्हा मागे राहिलेल्या गावकऱ्यांनी १९६७ पासून दर उन्हाळ्यात चौकात स्वतः रचलेले नाटक करण्यास आरंभ केला. ‘तेआत्रो पोव्हेरो’ (गरिबांची रंगभूमी) या नावाने ते ओळखले जाते. युद्धातील आठवणी, मालक व कुळांचे संबंध, गावाची ओहोटी, विकली जाणारी घरे हे त्यांचे विषय. नट गावातीलच शेतकरी, गृहिणी, निवृत्त कामगार व मुले. २००६ साली तटाच्या पायथ्याशी होऊ घातलेल्या नव्या घरांच्या वसाहतीविरुद्ध समीक्षक आल्बेर्तो आझोर रोझा यांनी आवाज उठविला व तो वाद देशभर गाजला. भूदृश्य बिघडते हा टीकाकारांचा आक्षेप, तर गावात राहू इच्छिणाऱ्यांना घरे हवीत हा गावातील काहींचा युक्तिवाद होता. दोन्ही बाजूंना तथ्य होते. नाट्यसंस्था वर्षभर गावातील इतर उपक्रमही चालविते. तालमी हिवाळ्यातच सुरू होतात, कारण त्या वेळी गावात फक्त गावकरीच असतात.